दुकान कोणाचे, दुखणे कोणाचे?

माओरी समाजाचे आरोग्य आणि बाजार : एक अभ्यास

न्यूझीलंडमध्ये येऊन चार-दोन वर्षे झाली की आपल्या गप्पांमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडते : "या माओरी लोकांना सरकार एवढे देते, पण सिगारेट आणि बिअर काही सुटत नाही." बोलणारा माणूस वाईट नसतो. दुकानात, बसस्टॉपवर, हॉस्पिटलच्या वॉर्डात जे दिसले त्यावरून तो बोलतो. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, असे आपल्याकडून होऊ नये, म्हणून या वेळी 'आरोग्य आणि अर्थ' विभागात हा विषय जरा मुळापासून घेतला आहे. लेख थोडा लांबला आहे, पण शेवटी तो आपल्याच घरापर्यंत येऊन पोचतो. तेव्हा सवडीने वाचावा ही विनंती.

डॉक्टरांकडे गेलो की ते आपल्याला आहार, व्यायाम, घराण्यातले आजार आणि व्यसने यांबद्दल विचारतात. पण आणखी काही प्रश्न असे आहेत की ते कोणी विचारत नाही. तुमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर काय विकले जाते? ते किती वाजेपर्यंत विकले जाते? ते उधार मिळते का? त्याची जाहिरात कोणाला डोळ्यांसमोर ठेवून केली आहे? आणि त्यावर बंधन घालणारा कायदा येऊ लागला तर तो अडवायला कोण उभे राहते? या सगळ्याला अभ्यासक 'आरोग्याचे व्यापारी घटक' म्हणतात. 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२३ साली या विषयावर एक लेखमालाच प्रसिद्ध केली. तंबाखू, दारू, अतिप्रक्रिया केलेले खाद्यपदार्थ आणि खनिज इंधने या चार उद्योगांमुळे जगातले दरवर्षी किमान एक-तृतीयांश मृत्यू होतात, असा अंदाज तिच्यात मांडला आहे.

हे घटक सगळ्यांनाच लागू आहेत. मग माओरी समाजाला त्यांचा फटका जास्त का बसला, ते क्रमाने पाहू.

१. आधी फरक किती ते पाहू

२०१७ ते २०१९ या काळाच्या सरकारी आयुर्मान-तक्त्यांनुसार माओरी पुरुषाचे सरासरी आयुर्मान ७३.४ वर्षे आणि माओरी स्त्रीचे ७७.१ वर्षे होते. इतरांचे आकडे अनुक्रमे ८०.९ आणि ८४.४. म्हणजे सुमारे साडेसात वर्षांचा फरक झाला. आपल्या भाषेत सांगायचे तर नातवंडांची मुंज किंवा लग्न पाहायला आजोबा असणार की नाही, एवढा हा फरक आहे. घरांची अवस्था, उत्पन्न, दवाखान्यात मिळणारी वागणूक अशी त्याची कारणे अनेक आहेत. पण हृदयविकार, फुप्फुसाचा कॅन्सर आणि मधुमेह या त्यातल्या मोठ्या आजारांचा माग काढत गेले की वाट पुन्हा पुन्हा दुकानापाशीच येते.

२. तंबाखू आली कुठून?

युरोपीय जहाजे येण्यापूर्वी माओरी समाजात तंबाखू नव्हती. कॅप्टन कुक १७६९ साली येथे पोचला. त्यानंतर आलेल्या व्यापारी आणि देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांबरोबर तंबाखूही आली आणि लवकरच देवघेवीचे चलन बनली. अंबाडीसारखे धागे, बटाटे, डुकरे, मजुरी, जमीन, सगळ्याच्या बदल्यात तंबाखू दिली जाई. ६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइटांगी येथे तह झाला, तेव्हा सह्या करणाऱ्या सरदारांना दोन-दोन घोंगड्या आणि थोडी तंबाखू वाटण्यात आली. ज्या करारावर या देशाची उभारणी झाली, त्याच्या समारंभातही तंबाखू हजर होती.

पुढची सव्वाशे वर्षे तिला कोणी विशेष अडवले नाही. १९७६ च्या जनगणनेत निम्म्याहून अधिक माओरी प्रौढ धूम्रपान करणारे होते, आणि स्त्रियांचे प्रमाणही पुरुषांइतकेच मोठे होते. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे सिगारेट ओढणारी आई किंवा आजी सहसा दिसत नाही. येथे ती घराघरांत होती, त्यामुळे मुलाला पहिला धूर घरातच मिळे. कंपन्यांची नावे खेळांच्या स्पर्धांना असत. १९९० च्या धूम्रपानविरोधी कायद्याने जाहिराती आणि प्रायोजकत्व यांवर बंधने घातली. कंपन्यांचा पैसा गेल्यावर खेळ आणि सांस्कृतिक कार्यक्रम पोरके होऊ नयेत, म्हणून त्याच कायद्यान्वये आरोग्य प्रायोजकत्व परिषद स्थापन झाली.

बाजाराला संस्कृतीचा आदर किती असतो, याचा एक नमुना २००५ साली मिळाला. फिलिप मॉरिस कंपनीच्या 'माओरी मिक्स' नावाच्या सिगारेटी इस्राएलमध्ये विकल्या जात असल्याचे उघडकीस आले. ज्या समाजातली माणसे या धुराने मरत होती, त्याचेच नाव पाकिटावर छापलेले! माओरी कार्यकर्त्यांनी हा प्रश्न कंपनीच्या भागधारकांच्या सभेपर्यंत नेला आणि २००६ साली कंपनीला माफी मागावी लागली.

३. दारू, उधारी आणि जमीन

माओरी भाषेत दारूला 'वाइपीरो' म्हणतात. 'वाइ' म्हणजे पाणी आणि 'पीरो' म्हणजे दुर्गंध येणारे. दारूला सडके पाणी म्हणणारा समाज मुळात दारुडा असेल कसा? तंबाखूप्रमाणेच दारूही बाहेरून आली, आणि पुढे जमिनीच्या व्यवहारात तिचा वापर झाला.

१८६५ च्या कायद्याने नेटिव्ह लँड कोर्टाची व्यवस्था पक्की झाली. जमातीच्या सामाईक जमिनीवर व्यक्तींची नावे लावून ती विकता येईल अशी करणे, हे या कोर्टाचे काम होते. सुनावणी शहरगावी होई आणि आठवडेच्या आठवडे चाले. हजर राहिले नाही तर हक्क बुडे, म्हणून माओरी कुटुंबे शेती सोडून तेथे मुक्काम करीत. मुक्कामात खाणे, तंबाखू, दारू सगळे दुकानदाराकडून उधार घ्यावे लागे. वकील आणि मोजणीदार यांची बिले वेगळीच. शेवटी निकाल लागे तेव्हा उधारी एवढी फुगलेली असे की ती फेडण्यासाठी मिळालेली जमीनच विकावी लागे. बुडत्याचा पाय खोलात, तसा हा प्रकार होता.

हे सारे माओरी पुढाऱ्यांना त्याच वेळी दिसत होते. १८७४ साली हाइमोना ते आओतेरांगी आणि इतर १६७ जणांनी पार्लमेंटला एक अर्ज केला. दारूने आम्ही कंगाल होतो, मुले अशक्त निपजतात, आणि नशेत माणसे महत्त्वाच्या कागदांवर सह्या करून बसतात, अशी त्यात तक्रार होती. पुढे किंग कंट्री या प्रदेशात रेल्वे येणार असे ठरले, तेव्हा तेथील सरदारांनी आमच्या मुलखात दारूविक्री नको असा आग्रह धरला. १८८४ साली तशी घोषणा झाली आणि १९५४ पर्यंत, म्हणजे सत्तर वर्षे, तेथे दारूचे परवाने नव्हते. "यांना सुधारायचेच नसते" असे म्हणणाऱ्याने हा इतिहास लक्षात घ्यावा. दारू नको अशी मागणी त्यांची होती. ती विकायचा आग्रह दुसऱ्यांचा होता.

४. हे आपल्याला नवे नाही

महाराष्ट्रातल्या वाचकांना यात ओळखीचे बरेच दिसेल. कोर्ट, कर्ज आणि जमीन हे त्रिकूट आपल्या शेतकऱ्याने चांगले अनुभवले आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला.

आदिवासींच्या बाबतीत तर साम्य आणखी जवळचे आहे. ठाणे-कुलाब्याचा आदिवासी मोहाच्या फुलांची दारू सणासुदीला घरी गाळत असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरगुती गाळपावर बंदी आणली आणि मक्तेदारांची दारू विकत घेणे भाग पाडले. सरकारला महसूल हवा होता, मक्तेदाराला नफा. जी गोष्ट घरची आणि प्रसंगाची होती ती रोजची आणि उधारीची झाली. शंभर वर्षांनी गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासह गावोगावच्या स्त्री-पुरुषांनी चळवळ उभी केली, तेव्हा १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली. बंदीने दारू पूर्ण थांबली असे कोणी म्हणणार नाही. पण गावाने "आमच्याकडे दुकान नको" म्हणायचे आणि शासनाने ते ऐकायचे, हा धडा महत्त्वाचा आहे.

गडचिरोलीच्या आदिवासीबद्दल आपल्याला जेवढी कणव वाटते, तेवढीच ओटारा किंवा कायकोहे येथील माओरी कुटुंबाबद्दल वाटायला हवी. कारण गोष्ट तीच आहे.

५. बारा वर्षांत काय बदलले?

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा. २०११-१२ च्या सरकारी आरोग्य पाहणीत रोज धूम्रपान करणाऱ्या माओरी प्रौढांचे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. २०२३-२४ मध्ये ते सुमारे १५ टक्क्यांवर आले. म्हणजे बारा वर्षांत निम्म्याहून खाली!

आता विचार करा. बारा वर्षांत एखाद्या समाजाचा स्वभाव बदलतो का? रक्त बदलते का? बदलली ती बाजाराची परिस्थिती. आणि तीही आपोआप बदलली नाही. पार्लमेंटच्या माओरी व्यवहार समितीने तंबाखू उद्योगाची चौकशी केली आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून प्रश्न विचारले. ही चौकशी व्हावी यासाठी खासदार होने हारावीरा यांनी जोर लावला होता. समितीचा अहवाल नोव्हेंबर २०१० मध्ये आला आणि त्यात ४२ शिफारशी होत्या. २०११ साली सरकारने २०२५ पर्यंत देश धूम्रपानमुक्त करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. सहायक आरोग्यमंत्री तारियाना तुरिया यांच्या आग्रहाने २०१० पासून २०२० पर्यंत तंबाखूवरील कर दरवर्षी वाढत गेला. २०१८ मध्ये रंगीत पाकिटे जाऊन एकसारखी साधी पाकिटे आली. माओरी आरोग्यसंस्थांनी माराएवर 'औआही कोरे', म्हणजे धूरमुक्तीचा प्रचार केला. सोडू पाहणाऱ्यांना मोफत मदत मिळाली.

या घसरणीत व्हेपचाही वाटा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तेथेही बाजार स्वस्थ बसला नाही. सिगारेट सोडण्यासाठी आलेली वस्तू कधीही सिगारेट न ओढलेल्या शाळकरी मुलांच्या हाती गेली. माओरी प्रौढांत रोज व्हेप ओढण्याचे प्रमाण देशाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक आहे. २०२० च्या कायदा सुधारणेने डेअरीवाल्यांना तंबाखू, पुदिना आणि मेन्थॉल एवढेच स्वाद विकायची मुभा ठेवली, तर अनेक ठिकाणी डेअरीच्याच एका कोपऱ्यात भिंत घालून 'खास व्हेप दुकान' उघडले गेले. १७ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली. कायदा एक पाऊल टाकतो आणि बाजार दोन, असा हा खेळ आहे.

६. कायदा येतो आणि अडतो कसा?

डिसेंबर २०२२ मध्ये न्यूझीलंडने जगात गाजलेला कायदा केला. १ जानेवारी २००९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तंबाखू कधीच विकायची नाही, सिगारेटमधले निकोटीन अगदी कमी करायचे, आणि तंबाखू विकणारी सुमारे ६००० दुकाने ६०० वर आणायची, अशा त्यात तीन गोष्टी होत्या. निवडणुकीनंतर नव्या आघाडी सरकारने या तिन्ही तरतुदी अंमलात येण्यापूर्वीच फेब्रुवारी २०२४ मध्ये रद्द केल्या. काळा बाजार वाढेल, उरलेल्या थोड्या दुकानांवर दरोडे पडतील, असे सरकारचे म्हणणे होते. पण तंबाखूच्या विक्रीतून येणारे उत्पन्न करकपातीला उपयोगी पडेल, हेही अर्थखाते घेणाऱ्या निकोला विलिस यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये बोलून दाखवले होते. माओरी आरोग्यसंस्थांनी याला जोरदार विरोध केला. त्यांचे म्हणणे समजायला अवघड नाही. इतरांचा कर कमी व्हावा म्हणून आमच्या घरातला धूर चालू का ठेवायचा?

दारूचे उदाहरण आपल्या ऑकलंडचेच आहे. दारू कुठे आणि किती वाजेपर्यंत विकायची, याचे स्थानिक धोरण ठरवण्याचा अधिकार कौन्सिलांना २०१२ च्या कायद्याने दिला. ऑकलंड कौन्सिलने २०१५ मध्ये मसुदा काढला आणि त्यात दुकानांतली विक्री रात्री ९ वाजता थांबवण्याचे ठरवले. देशातल्या दोन मोठ्या सुपरमार्केट साखळ्यांनी त्याला आव्हान दिले आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. मे २०२३ मध्ये कौन्सिल जिंकली. धोरण २०२४ मध्ये लागू झाले आणि रात्री ९ चा नियम त्या डिसेंबरमध्ये प्रत्यक्षात आला. म्हणजे एका नियमाला साडेनऊ वर्षे लागली. तेवढ्या काळात लागलेली व्यसने, मोडलेले संसार आणि झालेले अपघात यांचा हिशेब कोणत्या बॅलन्सशीटमध्ये दिसतो? अशा अपिलांची वाट २०२३ च्या सुधारणेने बंद केली, ही समाधानाची गोष्ट.

७. जुगार आणि कर्ज

आरोग्याच्या लेखात जुगार आणि कर्ज कशाला, असे वाटेल. पण भाड्याचे पैसे मशीनमध्ये गेले की मुलांच्या जेवणात कपात होते, हीटर बंद राहतो, डॉक्टरची फी टळते. पैशाचे दुखणे अंगावर उतरते.

पबमधली पोकी मशीने गरीब वस्त्यांत अधिक आहेत. २००३ च्या जुगारविषयक कायद्यानंतर मशीनची संख्या २५ हजारांवरून सुमारे १४ हजारांवर आली, तरी लोक अलीकडे त्यांत वर्षाला साधारण एक अब्ज डॉलर हरतात. उत्पन्नाचा किमान ४० टक्के भाग समाजोपयोगी कामांना द्यावा लागतो. ऐकायला हे छान वाटते. पण पैसा मुख्यतः गरीब वस्तीतून येतो आणि अनुदान तेथेच परत जाते असे नाही.

कर्जाचेही तसेच. साउथ ऑकलंडमध्ये मोबाइल ट्रक घरोघरी जाऊन कपडे, फोन, खाऊ हप्त्यांवर विकत आले. बाजारभावापेक्षा किंमत कितीतरी जास्त, आणि दर आठवड्याला खात्यातून परस्पर कपात. २०१५ मध्ये कॉमर्स कमिशनने अशा व्यापाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा जवळजवळ सर्वच जण कायद्याच्या कुठल्या ना कुठल्या नियमात चुकत होते. २०२० पासून महागड्या कर्जावर दिवसाला ०.८ टक्के व्याजाची मर्यादा आली आणि घेतलेल्या रकमेच्या दुपटीपेक्षा जास्त एकूण वसुली करता येईना. हिशेब करून पाहा. ५०० डॉलरच्या कर्जावर ०.८ टक्के म्हणजे दिवसाला ४ डॉलर. सव्वाशे दिवसांत व्याज मुद्दलाएवढे. मर्यादा घातल्यावर ही स्थिती, तर त्याआधी काय असेल!

८. यात आपण कुठे आहोत?

'आम्ही तर निर्व्यसनी' म्हणून पान उलटू नका. आपला संबंध चार ठिकाणी येतो.

पहिला संबंध शरीराचा. मधुमेह आणि हृदयविकार यांचा धोका आपल्यालाही जास्त आहे. म्हणूनच २०१८ च्या राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार माओरी, पॅसिफिक आणि दक्षिण आशियाई पुरुषांची हृदयतपासणी ३० व्या वर्षी आणि स्त्रियांची ४० व्या वर्षी सुरू करावी असे सांगितले आहे. इतरांसाठी हीच वये ४५ आणि ५५ आहेत. म्हणजे या यादीत आपण आणि माओरी एकाच ओळीत बसलो आहोत. गोड पेयांवर ब्रिटनने २०१८ मध्ये कर बसवला, न्यूझीलंडने अजून बसवलेला नाही. दोन लिटरची बाटली दुधापेक्षा स्वस्त मिळाली की ती आपल्याही वाढदिवसांच्या टेबलावर येतेच.

दुसरा संबंध दुकानाचा. या देशातल्या कितीतरी डेअऱ्या आणि लिकर स्टोअर्स भारतीय कुटुंबे चालवतात. आपली शिकायला आलेली मुलेही तेथे रात्रपाळी करतात. दुकानदाराला दोष देऊन हात झटकणे सोपे आहे. पण तो या साखळीचे शेवटचे टोक आहे. सिगारेटच्या किमतीतला मोठा भाग कर म्हणून जातो, नफा कंपनीकडे जातो, आणि दरोडेखोर मात्र याच्या काउंटरवर येतो. महाग सिगारेटींमुळे डेअऱ्या चोरांचे लक्ष्य झाल्या आहेत. तरीही जे कुटुंब आज अशा दुकानात आयुष्याची पुंजी घालायचा विचार करीत असेल, त्याने हिशेबाची वही दोनदा तपासावी. उत्पन्नातला किती वाटा तंबाखू, व्हेप आणि दारूवर उभा आहे? उद्या कायदा पुन्हा बदलला तर काय उरेल? आणि शेजारच्या शाळेतली मुले आपल्या दुकानातून काय घेऊन बाहेर पडतात?

तिसरा संबंध गुंतवणुकीचा. किवीसेव्हरमध्ये दर पगाराला आपले पैसे जातात, ते कोणत्या कंपन्यांत गुंतवले आहेत हे आपण पाहतो का? सरकारी सुपर फंडाने २००७ सालीच तंबाखू कंपन्या वगळल्या. पण २०१६ साली बातम्या आल्या तेव्हा अनेकांना प्रथमच कळले की आपल्या किवीसेव्हरचे पैसे तंबाखू आणि शस्त्रास्त्र कंपन्यांत आहेत. लोकांनी विचारणा केल्यावर बऱ्याच फंडांनी तंबाखू काढून टाकली. दारू आणि जुगार यांबाबत मात्र प्रत्येक फंडाचे धोरण वेगळे असते.

चौथा संबंध मंडळांचा. सण, स्पर्धा, क्रीडासामने यांसाठी देशातल्या असंख्य संस्था पोकी ट्रस्टांकडे अनुदान मागतात. गणपतीच्या मांडवाचा खर्च कोणाच्या तरी हरलेल्या भाड्यातून निघत असेल, तर कार्यकारिणीने निदान हा प्रश्न सभेपुढे ठेवावा. निर्णय काहीही होवो, तो डोळे उघडे ठेवून व्हावा.

९. आपल्याला करता येण्यासारखे

(अ) घरातले ३० वर्षांवरील पुरुष आणि ४० वर्षांवरील स्त्रिया यांनी आपल्या जीपीकडे हृदय आणि मधुमेह तपासणी मागून घ्यावी. बोलावणे येईपर्यंत थांबू नये.

(आ) सिगारेटचे २० चे पाकीट सुमारे ४० डॉलरला पडते. रोज एक पाकीट म्हणजे वर्षाला १४,६०० डॉलर. घरात कोणी ओढत असेल तर ओरडण्यापेक्षा हा आकडा कागदावर लिहून शेजारी बसावे आणि क्विटलाइनला फोन लावून द्यावा : ०८०० ७७८ ७७८. मदत मोफत आहे.

(इ) किवीसेव्हरच्या कंपनीला दोन ओळींचे पत्र किंवा ईमेल पाठवावा : "माझ्या फंडात तंबाखू, दारू किंवा जुगार कंपन्यांचे शेअर्स आहेत का?" 'माइंडफुल मनी' या संस्थेच्या संकेतस्थळावरही फंडाचे नाव घालून हे पाहता येते. फंड बदलताना मात्र फी आणि जोखीम यांची तुलना अवश्य करावी.

(ई) आपल्या भागात नवीन लिकर स्टोअरच्या परवान्याची नोटीस लागली तर वाचावी. २०२३ च्या सुधारणेने रहिवाशांना हरकत घेणे सोपे झाले. मुदत आणि अटी कौन्सिलकडे विचारून घ्याव्यात. साउथ ऑकलंडमध्ये 'कम्युनिटीज अगेन्स्ट अल्कोहोल हार्म' ही संस्था रहिवाशांच्या बाजूने परवाना समितीपुढे उभी राहते. माओरी, पॅसिफिक आणि भारतीय शेजारी एका टेबलाशी बसले की समितीलाही ऐकावे लागते.

(उ) कर्जाने घेरले असल्यास 'मनीटॉक्स' : ०८०० ३४५ १२३. जुगारासाठी गॅम्बलिंग हेल्पलाइन : ०८०० ६५४ ६५५. लाजेखातर फोन टाळू नये. विद्यार्थ्यांनी आणि नव्याने आलेल्यांनी तर मुळीच नाही.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरापासून एक किलोमीटरच्या आत दारू, व्हेप किंवा पोकी मशीन असलेली ठिकाणे किती? ताजी भाजी मिळणारी किती? मुलांना बरोबर घेऊन मोजावे.

२. बारा वर्षांत माओरी धूम्रपान निम्म्याहून कमी झाले, याची कोणती कारणे व्यक्तीच्या हातातली होती आणि कोणती कायद्याच्या?

३. आपल्या गावाकडे दारू, गुटखा किंवा सावकारी यांच्याबाबत असे काही घडलेले आजी-आजोबांना आठवते का? महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटखाबंदी केली, त्यानंतर काय झाले?

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे मंडळाकडे लिहून पाठवल्यास पुढच्या अंकात जरूर छापू. आणि पुढच्या वेळी कोणी ते नेहमीचे वाक्य बोलले, तर वाद घालत बसू नये. एवढेच विचारावे : "दुकान कोणी उघडले होते?"